भाऊकाकांचे एआर ३ए आणि पंख्याचे कपॅसिटर

आधी स्पीकर कुठले ते सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. ॲकॉस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीचे एआर ३ए. हे मॉडेल १९६७ साली आलं, तेव्हा एका स्पीकरची किंमत २५० डॉलर होती, म्हणजे जोडी पाचशेला, आणि त्या काळात पाचशे डॉलर ही काही गंमत नव्हती. बायकोचे काका, ज्यांना घरात सगळेच भाऊकाका म्हणतात, ते सत्तरच्या दशकात तिकडे नोकरीला होते आणि परत येताना बाकीच्या सामानाबरोबर ही जोडी बोटीने घेऊन आले. आधी सदाशिव पेठेतल्या वाड्यात, मग वाडा पडून तिथे बिल्डिंग होईपर्यंत कोथरूडला कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, आणि मग परत नव्या फ्लॅटच्या माळ्यावर, असा त्यांचा प्रवास. सोबत आणलेला ॲम्प (ॲम्प्लिफायर) ११० व्होल्टचा होता, तो कधीतरी कुणीतरी ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लगला लावला आणि संपला. स्पीकरला असलं काही होत नाही, त्याला व्होल्टेजशी घेणंदेणं नसतं, पण ॲम्प गेला म्हणून स्पीकरही "गेले" अशी घरात समजूत झाली ती झालीच.

काका म्हणाले, "अरे तुला नाद आहे ना असल्याचा, घेऊन जा, नाहीतर तुझी काकू भंगारवाल्याला देईल." काकू आतून म्हणाल्या, "देईल काय, गेल्याच महिन्यात देणार होते." एकेक खोकं साधारण चोवीस किलो, पंचवीस इंच उंच, आणि त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. एवढंच सांगतो.

घरी आणल्यावर पहिला मोह होतो तो वायर लावून वाजवून बघायचा. तो आवरायचा. ग्रिल, म्हणजे समोरचं कापडी झाकण, काढून आत बघितल्याशिवाय आणि मल्टिमीटर लावल्याशिवाय इतका जुना स्पीकर ॲम्पला जोडायचा नाही, कारण कडेचा फोम फाटलेला असेल तर कोन, म्हणजे समोरचा हलणारा कागदी शंकू, वेडावाकडा हलतो, मागची कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आणि एकदा घासली की मग खरंच कॉइल बदलावी लागते. या स्पीकरची ग्रिलं चिकटवलेली असतात, स्क्रू नाहीत, त्यामुळे पातळ पट्टी कोपऱ्यातून घालून हळूहळू उचकटत जावं लागतं. ग्रिल निघालं आणि अपेक्षेप्रमाणेच, बारा इंची वूफरच्या, म्हणजे खालचे खोल सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम नावालाच होता. बोट लावलं की काळा चिकट भुगा, डांबराच्या गोळीसारखा, नखात गेला की दोन दिवस निघत नाही.

हे सगळ्याच फोमवाल्या स्पीकरचं होतं. तो पॉलियुरेथेन फोम असतो आणि हवेतली आर्द्रता त्याला आतून तोडत जाते, वापरा नाहीतर डब्यात घालून ठेवा. पुणं काही मुंबई नाही, पण आपल्याकडचे पावसाचे चार महिने त्याला पुरतात. पण मजा अशी की बाकीचा वूफर ठणठणीत. कागदी कोनला एक चीर नाही, मधली टोपी चेपलेली नाही, मीटर लावला तर दोन्ही कॉइल बरोबर. म्हणजे बारा इंची वूफरमधली फक्त इंचभर रुंदीची एक गोल पट्टी मेलेली.

आता ती पट्टी बदलायची कुठे. पुण्यात स्पीकर रिपेअर करणारे भरपूर आहेत, पण त्यांचं पोट चालतं गणपतीवर आणि लग्नाच्या वरातींवर. जुलै उजाडला की त्यांच्या दुकानाबाहेर पंधरा आणि अठरा इंची स्पीकर थप्पी लावून ठेवलेले असतात, कॉइल जळलेले, आणि ती माणसं अक्षरशः मिनिटांत जुना कोन फाडून नवा बसवतात, हात बघण्यासारखा असतो. मी एका ठिकाणी वूफर घेऊन गेलो. त्यांनी हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने कोन दाबला आणि म्हणाले, "साहेब, कोन-कॉइल सगळं नवीन टाकून देतो, कापडी एज येईल, कडक होईल एकदम, पोरं नाचतील." मी म्हटलं फक्त फोम बदलायचाय. "फोम कोण वापरतं आता? दोन वर्षांनी परत सडेल." दोन वर्षांनी नाही पण दहा-पंधरा वर्षांनी सडेलच, यात त्यांचं काही चूक नव्हतं. पण "कडक होईल" हे जे ते कौतुकाने म्हणत होते, तेच या स्पीकरला चालत नाही.

का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. एडगर व्हिलचर नावाच्या माणसाने १९५४ मध्ये हेन्री क्लॉसबरोबर ही कंपनी काढली ती एका कल्पनेवर. तोपर्यंत चांगला बास हवा तर फ्रिजएवढं कपाट लागायचं, आणि कोनला जागेवर परत आणायचं काम कडेची ताठ सस्पेन्शन करायची. व्हिलचरचं म्हणणं असं की कापड आणि कागद ताणला की त्याचं बळ एकसारखं राहत नाही, थोडा ताणला तर एक, जास्त ताणला तर भलतंच, आणि त्याचाच आवाजात बिघाड होतो. त्यापेक्षा खोकं पूर्ण हवाबंद करा, कोनची कड एकदम ढिली, लुळी ठेवा, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्या. हवेची स्प्रिंग फार सरळ वागते. त्यामुळे छोट्या खोक्यातून खोल आणि स्वच्छ बास यायला लागला आणि एआर ३ए मध्ये तर बंद खोक्यातला वूफरचा रेझोनन्स (ज्या सुराला कोन आपसूकच डोलतो तो) ४२ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे या वूफरचा ढिलेपणा हाच त्याचा गुण. त्याला कडक कापडी एज लावली तर तो दणदण वाजेल, पोरं नाचतीलही, पण मग तो एआर ३ए राहत नाही. (या व्हिलचरने पुढे कंपनी विकून कानाच्या मशीनवर संशोधन केलं. मला हे फार आवडतं, आधी ऐकवण्याचं काम केलं, मग ऐकू येण्याचं.)

तर वूफर परत घरी. फोमच्या रिंगा बाहेरून मागवल्या, आणि मागवताना "बारा इंची" एवढंच बघून चालत नाही, खास या वूफरसाठी म्हणून मऊ फोम मिळतो तोच घ्यायचा. कस्टमची ड्यूटी, कुरिअरवाल्याचे हँडलिंग चार्जेस वगैरे धरून रिंगांपेक्षा वरखर्च जास्त झाला, त्याचं रडगाणं गात नाही.

रिंगा येईपर्यंत आतलं काम काढलं. वूफर काढल्यावर जे भोक राहतं तोच आत जायचा एकमेव रस्ता, कारण मागची फळी पक्की चिकटवलेली. आणि आत काय, तर काठोकाठ फायबरग्लास. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, आणि गच्चीतच करायचं, घरात नाही. तरी मनगटापाशी खाजलंच. हे भरण काढून फेकून त्या जागी उशीतला पॉलिस्टर कापूस घालणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. किती भरण घालायचं हे कंपनीने मोजून ठरवलेलं असतं, वूफरच्या बासचा बांधा त्यावर असतो. मी दोन्ही खोक्यांचं भरण वेगवेगळ्या पिशव्यांत भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोललं, पिशवीवर वजन लिहिलं आणि नंतर तेच त्याच खोक्यात परत घातलं. वजनकाटा धुऊन जागेवर ठेवला, तरी त्यावरून जे ऐकायचं ते ऐकलं.

आता ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर. दोनपैकी एका स्पीकरचा ट्वीटर बंद असणार असं काका आधीच म्हणाले होते, "डावा बसकाच बोलायचा शेवटी शेवटी." या मॉडेलचे मूळ ट्वीटर आता मिळणं महाकठीण आणि मिळाले तर किंमत ऐकून उठून जावं अशी. पाऊण इंचाचा छोटासा घुमट, कडेला तीन रबरी ठिपक्यांवर तोललेला. त्याच्या टर्मिनलवर थेट मीटर लावला तर तीन ओहमच्या आसपास रीडिंग, म्हणजे ट्वीटर जिवंत! मग आवाज अडतोय कुठे? तर मागच्या बटणात. या स्पीकरच्या पाठीवर दोन गोल बटणं असतात, एक मिडरेंजचं (मधले सूर वाजवणाऱ्या स्पीकरचं) आणि एक ट्वीटरचं, आणि नॉर्मल कुठे ते दाखवायला पांढरा ठिपका. आत ते साधे वायर गुंडाळलेले रेग्युलेटर आहेत, आणि पन्नास वर्षांत त्यांच्या पितळी भागावर हिरवं चढतं, की संपर्क गेला. एआरचे जुने स्पीकर "ट्वीटर गेला" म्हणून विकले जातात त्यातल्या कित्येकांचा ट्वीटर गेलेलाच नसतो, हे हिरवं असतं.

यावर सोपा उपाय म्हणजे नवे एल-पॅड (आवाज कमीजास्त करायचे तयार रेग्युलेटर) टाकायचे. मी म्हटलं आधी उघडून तर बघू. वायरींवर मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या, मोबाईलवर फोटो, मग सोल्डरचे डाग काढून रेग्युलेटर बाहेर काढले. मागची छोटी क्लिप सरकवली की ते उघडतात. आत सिरॅमिकच्या खोबणीत बसलेलं वायरीचं गोल वेटोळं, त्यावर फिरणारा पितळी हात, आणि मधोमध एक चकती जिच्यावर तो हात सतत टेकलेला असतो. वेटोळं जवळजवळ नव्यासारखं होतं. हिरवं सगळं त्या चकतीवर आणि हाताच्या टोकाखाली, जाड थर, नखाने उडेल असा. आईने खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "चिंच लाव की, एवढं काय त्यात." आणि खरंच, पितळेवरचं हिरवं काढायला आंबटापुढे दुसरं काय लागतं. चिंचेचा कोळ लावून पितळी तुकडे वाटीत ठेवले, जुन्या टूथब्रशने घासले, पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुतले कारण आंबट राहिलं तर परत खाणार, मग स्पिरिटने पुसून उन्हात. वेटोळ्याला मात्र चिंच नाही, तिथे फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश. हाताची स्प्रिंग किंचित वाकवून दाब वाढवला, संपर्काच्या जागी ग्रीसचं बोट, क्लिप परत. मीटर लावून बटण फिरवलं तर शून्यापासून वरपर्यंत आकडा सलग चढतो, कुठे उडी नाही. आईला दाखवलं, तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग कपॅसिटर. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर, मिडरेंज आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे असतात, मेणाने बंद केलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यांत. इथे मात्र जुनं ते सोनं वगैरे काही नाही, मोजले तर मोठे दोन्ही मूळ आकड्याच्या बरेच वर चढलेले, ते बदलायलाच हवेत. तपकीर गल्लीत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून जवळच, इलेक्ट्रिकचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे म्हणाल ते, पण दुपारी एक ते चार जाऊ नका. नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेला) १५० म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी ट्रामचं तिकीट मागतोय. शेवटी एका आतल्या दुकानात १०० व्होल्टचे नॉन-पोलर मिळाले, १०० आणि ४७ चे. समांतर जोडले की बेरीज होते, म्हणून १०० अधिक ४७ म्हणजे १४७, आणि दुसरीकडे ४७ अधिक ३.३ म्हणजे ५०.३. इतका फरक चालतो, मूळ कपॅसिटरही काही काटेकोर नसायचे.

राहिला ट्वीटरचा ६. तिथे फिल्म कपॅसिटर हवा, आणि ऑडिओवाले लोक त्यासाठी जे परदेशी कपॅसिटर सुचवतात त्यांच्या किमतीत आपल्याकडे मिक्सर येतो. दुकानदार वैतागून म्हणाला, "पंख्याचा देऊ का मग?" तो चेष्टाच करत होता, पण मी तिथेच थांबलो. सीलिंग फॅनचा कपॅसिटर म्हणजे असतो काय? पॉलिप्रॉपिलीन फिल्म, ४४० व्होल्टचा, वर्षानुवर्षं गरम पंख्यात राहून टिकणारा. ऑडिओच्या महाग कपॅसिटरमध्ये आतला माल तोच असतो, वरचं वेष्टण सोनेरी. ३.१५ चे दोन जोडले की ६.३, म्हणजे पाच टक्के जास्त. चार घेतले. माझ्या एका ऑडिओफाइल मित्राला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं बोललाच नाही, मग म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस." म्हणून इथे लिहितोय.

रिंगा आल्यावर वूफर. सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात समाधानाचं काम हेच, आणि त्यातला नव्वद टक्के वेळ जुनं काढण्यात जातो. कोनच्या कडेला चिकटलेला जुना गोंद आणि फोमचा राप कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल लावून मऊ करायचा, मग बोथट पात्याने आतून बाहेर, कधीच बाहेरून आत नाही, कागद उचलला जातो. लोखंडी फ्रेमवर मात्र बिनधास्त खरवडा. मग आधी फोम कोनला चिकटवायचा. किटबरोबरचा पांढरा गोंद दिसायला अगदी फेविकॉल, त्याचा पातळ हात दोन्हीकडे, जरा चिकट झाला की फोम ठेवून सगळीकडून बोटाने दाबत गोल फिरायचं. हे पूर्ण वाळू द्यायचं, रात्रभर.

बाहेरची कड फ्रेमला चिकटवताना खरा कस. कॉइल फटीच्या बरोबर मध्ये हवी, केसभर सरकली तरी घासणार. एक पद्धत म्हणजे मधली टोपी कापून कॉइलभोवती एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या. पण टोपी धडधाकट असताना ती का कापा? दुसरी पद्धत कानाची. वूफरला अगदी बारीक आवाजात ३० हर्ट्झचा टोन द्यायचा, मोबाईलवर ॲप असतात, ॲम्पचा आवाज जेमतेम उघडलेला. कोन डोळ्याला दिसेल असा संथ आतबाहेर होतो. गोंद ओला असतानाच फोमची कड किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवायची आणि कान कोनजवळ नेऊन ऐकायचं. घासत असेल तर एक बारीक खरखर येते, कागदावर पेन्सिल ओढल्यासारखी. ती एका बाजूला सरकवलं की वाढते, दुसऱ्या बाजूला कमी होते, आणि मग एका जागी नाहीशीच होते, राहते फक्त हवेची हालचाल. ती जागा सापडली की हात काढायचे, कपड्याच्या क्लिपा लावायच्या आणि वाळेपर्यंत त्या खोलीत कुणी दार आपटायचं नाही असं सांगून ठेवायचं. पहिल्या वूफरला ही जागा सापडायला बराच वेळ गेला, दुसऱ्याला लगेच.

दरम्यान लाकूड. अक्रोडाचं व्हीनिअर, वर कुंड्या ठेवल्याचे गोल डाग, एका कोपऱ्याला टवका. ओळखीच्या सुताराला विचारलं तर तो मशीनने घासून मेलामाइनचं पॉलिश मारायला निघाला होता. व्हीनिअर कागदापेक्षा जरा जाड इतकंच असतं, मशीन लावली की खालची फळी दिसते. शिवाय मुळात हे तेलाचं फिनिश आहे, काचेसारखं चकचकीत नाहीच. बारीक स्टीलवूल आणि अळशीचं तेल, रेषेरेषेने, पुसायचं, थांबायचं, परत. डाग पूर्ण गेले नाहीत, फिके झाले. टवका तसाच आहे. तेलाची फडकी मात्र चुरगाळून बादलीत टाकू नका, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा मगच फेका.

सगळं परत बसवताना वूफरच्या खाली नवं गॅस्केट लावलं, कारण हवाबंद म्हणजे हवाबंद. तपासायची पद्धत सोपी. कोन चार बोटांनी हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. हवा गळत असेल तर पटकन परत येतो. बंद असेल तर निवांत, सेकंदभर घेत येतो. दोन्ही निवांत आले. पेन्सिल सेल लावून दोन्ही वूफर एकाच दिशेने हलतात ना तेही बघितलं.

स्पीकर चार ओहमचे आणि वॉट खाणारे आहेत, लहानसा ॲम्प त्यांच्यापुढे दमतो, माझ्या जुन्या नॅड कंपनीच्या ॲम्पने निभावलं. जमिनीवर ठेवले तर बास फुगतो, फूटभर तरी वर हवेत, म्हणून सध्या ते दोन चौरंगांवर आहेत आणि सत्यनारायणापर्यंत तिथेच राहतील असा समझोता झालाय.

आवाज कसा? आजचे स्पीकर ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वरचा भाग झाकल्यासारखा वाटेल. तो तसाच असतो, बटणं पूर्ण उघडली तरी. मला गाण्यासाठी तो आवडतो. मल्लिकार्जुन मन्सूरांची जुनी रेकॉर्ड लावली तर तानपुरा मागे सगळीकडे पसरतो, ट्वीटर कुठे आहे ते दाखवत नाही, आणि डग्ग्याची घिस्सा, तळहात सरकतो तेव्हाची, ती सरकत सरकत खाली जाते आणि कुठे तुटत नाही. हे कडक कापडी एजला जमलं नसतं. भाऊकाका येऊन ऐकून गेले. म्हणाले, डावा जरा मोठा वाजतोय. उठून बघितलं तर खरंच, मागचं मिडरेंजचं बटण ठिपक्याच्या पुढे गेलं होतं.

ग्रिलचं काम अजून बाकी आहे. मूळ लिननचं कापड पिवळं पडलंय पण विरलेलं नाही, लक्ष्मी रोडवर तसलंच शोधत होतो ते काकूंनी थांबवलं, रिठ्याच्या पाण्यात भिजवून बघ म्हणाल्या. एक धुऊन झालंय, बऱ्यापैकी निघालं. दुसऱ्यावर चहाचा डाग आहे, तो कशाने जातो कुणाला माहीत असेल तर सांगा.